एका शब्दाची सुपारी

पासपोर्टवर नाव होतं मोहन कुमार. पत्ता कर्नाटकातल्या मंड्याचा. पासपोर्ट दिला होता बेंगळुरूच्या पासपोर्ट कार्यालयानं, १९९८-९९च्या सुमारास. साध्या माणसाला पासपोर्ट काढायचा म्हणजे त्या काळी केवढा उपद्व्याप! रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पोलिस चौकीतली चौकशी, आणि एवढं होऊनही नावातल्या एका वेलांटीसाठी पुन्हा रांग. मोहन कुमारचं काम मात्र बिनबोभाट झालं. याच पासपोर्टवर २००३ साली तो ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि पुढची बारा वर्षं तिथे राहिला.

हा मोहन कुमार म्हणजे राजेंद्र सदाशिव निकाळजे. चेंबूरच्या टिळकनगरात वाढलेला, सहकार सिनेमाबाहेर तिकिटांचा काळाबाजार करत गुन्हेगारीत शिरलेला. मुंबई त्याला ओळखते ती छोटा राजन या नावानं. २०१७च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयानं या खोट्या पासपोर्टबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच्याबरोबर शिक्षा झाली ती पासपोर्ट कार्यालयात काम केलेल्या तिघांना.

सात वर्षं म्हणजे कागदोपत्री गुन्हा तसा किरकोळच वाटतो. पण भाईच्या धंद्यात पासपोर्टसारखं दुसरं भांडवल नाही. दाऊद इब्राहिम १९८६मध्ये देश सोडून गेला, तेव्हाच मुंबईच्या टोळ्यांना हा धडा मिळाला होता. गल्लीत राहणारा दादा कधीतरी पोलिसांच्या नाहीतर शत्रूच्या हाती सापडतोच. सरहद्दीपलीकडे बसलेला मात्र आवाज होऊन राहतो. चेहरा नाही, पत्ता नाही, फक्त लांबलचक नंबरावरून येणारा फोन. इकडे बिल्डर, हॉटेलवाला, सिनेमाचा निर्माता तो आवाज ऐकतो आणि पेटी की खोका, याचा हिशेब करू लागतो. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी.

या खेळात एक माणूस असा असतो, ज्याला कुठल्याही पासपोर्टचा उपयोग नसतो. तो भाईबद्दल लिहितो आणि संध्याकाळी त्याच शहरात आपल्या घरी जातो. त्याची मोटारसायकल रोज त्याच रस्त्यानं धावते. त्याची आई कुठे राहते, हे शोधायला हेर लागत नाही. ज्योतिर्मय डे असे वार्ताहर होते.

मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत त्यांना सारे ‘जे. डे’ म्हणत, आणि जवळचे ‘कमांडर’. उंचापुरे, मितभाषी. बोलले तरी हलक्या आवाजात, शेजारच्या टेबलावर कुणी कान टवकारून बसलंय असं समजूनच. बातमी कुठून आणली, हे कार्यालयातल्या सहकाऱ्यांनाही सांगायची पद्धत नव्हती. गंमत म्हणजे त्यांची सुरुवात गुन्हेगारीच्या बातम्यांनी झालीच नाही. ती झाली जंगलापासून. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथली अतिक्रमणं, वन्यप्राणी हे त्यांचे पहिले विषय. शहराला खेटून असलेल्या त्या जंगलावर कुणाकुणाची नजर आहे, हे शोधता शोधता माणूस आपोआप जमीन बळकावणाऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि तिथून त्यांच्या पाठीराख्या टोळ्यांपर्यंत. पुढे ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि अखेर ‘मिड-डे’ अशी त्यांची वाट गेली. ‘मिड-डे’त शोधपत्रकारितेची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

टोळ्यांच्या बातम्या देणारे मुंबईत तेव्हा बरेच होते. त्यातल्या अनेकांचं काम क्राइम ब्रँचच्या पत्रकार परिषदेपासून सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. पोलिस सांगतील तेवढा मजकूर, चकमकीत पडलेल्याचा फोटो, सोबत दोन-चार भडक विशेषणं. डे यांची पद्धत वेगळी होती. ते खबऱ्यांच्या मागे असत. पोलिसांच्या बोलीत खबऱ्याला ‘झिरो डायल’ म्हणतात आणि त्याच नावाचं पुस्तक डे यांनी २०१० साली लिहिलं. त्याआधीचं त्यांचं ‘खल्लास’ हे पुस्तक म्हणजे अंडरवर्ल्डची बाराखडीच.

खबऱ्याचं जगणं कुणाला हेवा वाटावा असं नाही. टोळीच्या बातम्या पोलिसांना द्यायच्या, पोलिसांकडून थोडे पैसे आणि थोडं अभय घ्यायचं, आणि दोघांपैकी कुणालाही आपण नकोसे झालो की परिणाम भोगायचे. अशा माणसांचा विश्वास मिळवायचा तर वार्ताहराला त्यांच्या अड्ड्यावर जावं लागतं, त्यांच्यासोबत बसावं लागतं. इथूनच पत्रकारितेतली सर्वांत निसरडी वाट सुरू होते. गुन्हेगाराशी बोलल्याशिवाय बातमी मिळत नाही. आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर ‘त्यांच्यात ऊठबस होती की त्याची!’ असं म्हणायला लोक मोकळे असतात.

डे यांच्या लिखाणाचा दुसरा मोठा विषय म्हणजे तेल. मुंबईच्या समुद्रात उभ्या जहाजांवरून डिझेल चोरून लहान होड्यांत उतरवायचं, कर चुकवून किनाऱ्यावर आणायचं, भेसळ करून विकायचं. या धंद्यात चित्रपटातल्या भाईसारखी शान नाही, त्यामुळे वाचकालाही त्याचं फारसं अप्रूप नसतं. पैसा मात्र तिथे रोजचा आणि रोखीचा. आणि समुद्राला काही कुंपण नाही. हद्द ओलांडून चालणारे गुन्हे म्हटलं की आपल्याला दुबई आणि कराची आठवतात. भाऊच्या धक्क्यावरून दिसणारं पाणी आठवत नाही.

आता प्रश्न असा, की भाई बातमीला का घाबरतो? सामान्य समजूत अशी की बातमीतून त्याचे गुन्हे उघडे पडतात म्हणून. तसं पाहिलं तर गुन्हे उघडे पडल्यानं भाईचं काहीच बिघडत नाही. उलट फायदाच होतो. कुणाला तरी गोळ्या घातल्या, ते छापून आलं, वाचून चार बिल्डर घाबरले आणि पुढचे चार फोन सोपे झाले. ही जाहिरात फुकटची. म्हणूनच कित्येक भाई स्वतः वार्ताहरांना फोन करत, मुलाखती देत, एखाद्या खुनाची जबाबदारी आनंदानं अंगावर घेत. आणि वर्तमानपत्रांनीही या जाहिरातीला हातभार लावला, हे कबूल करायला हवं. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. त्यानंतर दाऊदपासून फुटलेल्या राजनला ‘देशभक्त डॉन’ हे बिरूद चिकटलं. ते त्याच्या टोळीनं छापलं नव्हतं. खंडणी मागणाऱ्याला, सुपाऱ्या देणाऱ्याला देशभक्तीचा गंध लावायचं काम शाईनंच केलं.

भाईला खरी धास्ती असते ती वेगळ्याच बातमीची. भाई आता थकलाय, आजारी आहे, त्याची माणसं त्याला सोडून चाललीत, त्याच्या फोनला आता कुणी किंमत देत नाही! सरहद्दीपलीकडे बसलेल्याचं सारं दुकान भीतीवर चालतं. इकडे त्याची फौज म्हणजे मोजके पंटर आणि खूपशी वदंता. ती वदंताच कुणी विश्वासू वार्ताहर ओसरल्याचं छापू लागला, तर उद्यापासून गल्ला रिकामा. राजनच्या बाबतीत हे व्हायला लागलं होतं. सप्टेंबर २०००मध्ये बँकॉकमध्ये शत्रूच्या माणसांनी त्याला घरात घुसून गोळ्या घातल्या होत्या. तो वाचला, इस्पितळातून पळाला, पण तेव्हापासून टोळीला गळती लागली. त्याचे जुने साथीदार एकेक करून वेगळी दुकानं थाटू लागले. त्यातलाच एक रवी पुजारी.

२०११च्या मे आणि जूनमध्ये राजनला न रुचणाऱ्या डे यांच्या बातम्या ‘मिड-डे’त आल्या. शिवाय डे नवं पुस्तक लिहीत होते आणि त्याचं नाव होतं ‘चिंदी’. मुंबईच्या बोलीत चिंदी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चिंदीचोर! फाटका, किरकोळ, कवडीमोल. चिंदीपासून श्रीमंतीपर्यंत पोहोचलेल्या गुंडांची ती कहाणी होती आणि राजनची गणना त्या चिंद्यांत होणार होती, असं सरकार पक्षानं पुढे न्यायालयात मांडलं. त्यातच डे त्या वर्षी लंडनला जाऊन आले. ते शत्रूच्या टोळीला मिळाले, असा संशय राजनच्या मनात बसला, हाही सरकार पक्षाचाच दावा.

टिळकनगरच्या पोराला चिंदी शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागला नसणार.

मग हुकूम निघाला. परदेशातून फोन. खटल्यात आलेल्या माहितीनुसार सुपारी पाच लाखांची होती, म्हणजे भाईंच्या हिशेबात पाच पेट्या. रिव्हॉल्व्हरचा माग पार नैनितालकडे गेला. ७ जूनच्या सुमारास मुलुंडमधल्या एका बारमध्ये डे यांना ओळखीच्या माणसाकरवी बोलावून घेतलं गेलं. हेतू एवढाच, की मारेकऱ्यांनी दुरून चेहरा पाहून घ्यावा. ज्याच्याशी आपण बातमीसाठी बोलायला बसलोय, तोच आपल्याला दाखवून देतोय, हे समोरच्याला कळण्याचा मार्ग नसतो. बोलायला बसणं हाच तर डे यांचा व्यवसाय होता.

११ जून २०११. शनिवार. पावसाळ्याचे दिवस. डे घाटकोपरला आईकडे गेले होते. तिथून मोटारसायकलवरून पवईच्या घरी निघाले. दुपारी तीनच्या सुमारास हिरानंदानी वसाहतीत, रहदारीच्या रस्त्यावर, मागून मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. इस्पितळात नेईपर्यंत सारं संपलं होतं. वय पंचावन्नच्या घरात. ज्या माणसानं मुंबईतल्या टोळ्यांचे अड्डे, वाटा, सवयी वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या, त्याच्या वाटा आणि सवयी कुणीतरी चार-पाच दिवसांत टिपल्या.

दोन दिवसांनी मुंबईतले पत्रकार रस्त्यावर उतरले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्याकडे तपास सीबीआयला द्यावा, अशी मागणी झाली. ती तेव्हा मान्य झाली नाही. सुरुवातीला तर संशयाची सुई तेलमाफियापासून चंदनतस्करांपर्यंत कुठे कुठे फिरली. ज्यांच्याविषयी डे लिहीत होते, त्यातला कुणीही असू शकत होता. अखेर २७ जूनला क्राइम ब्रँचनं जाहीर केलं, की हा राजनच्या टोळीचा हात आहे. आरोपी मुंबईत, सोलापुरात आणि थेट रामेश्वरममध्ये सापडले. ज्यानं गोळ्या झाडल्या त्या सतीश काल्याला आपण कुणाला मारतोय हे सांगितलंच नव्हतं, असं पोलिस चौकशीत पुढे आलं. आपण पत्रकाराला मारलं, हे त्याला म्हणे टीव्हीवरच्या बातम्यांतून कळलं.

त्यानंतरचे महिने मुंबईच्या पत्रकारितेला भूषणावह होते, असं म्हणवत नाही. मेलेल्या माणसाची उलटतपासणी सुरू झाली. लंडनला कशाला गेला होता? कुणाला भेटला? कुणाचा माणूस होता? पुराव्याविना कुजबुज, आणि कुजबुजीची बातमी. नोव्हेंबरमध्ये तपास आणखी एका वळणावर गेला. जिग्ना व्होरा या गुन्हेवार्ताहर महिलेलाच अटक झाली. व्यावसायिक मत्सरातून तिनं राजनला भडकावलं आणि डे यांच्या गाडीचा नंबर पुरवला, असा आरोप. ज्या वर्तमानपत्रांत तिची नावानिशी बातमी यायची, त्याच वर्तमानपत्रांत आता तिच्यावरच्या बातम्या यायला लागल्या. चवीचवीनं. सुमारे नऊ महिने ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. २०१८मध्ये तिची निर्दोष सुटका झाली, उच्च न्यायालयानं २०१९मध्ये ती कायम ठेवली. पण तोवर तिची पत्रकारिता संपलेली होती. तुरुंगातल्या दिवसांवर तिनं पुस्तक लिहिलं आणि त्यावरून २०२३ साली ‘स्कूप’ ही मालिका आली. एका पत्रकाराच्या खुनात दुसऱ्या पत्रकाराचं आयुष्य असं वाहून गेलं, याची मोजदाद मात्र कुठल्याच आरोपपत्रात नसते.

आणि राजन? तो ऑस्ट्रेलियात मोहन कुमारच होता. मुंबईत मोक्काखाली खटला उभा राहिला, त्यात त्याचं नाव फरारी आरोपी म्हणून. खटल्यातला एक आरोपी निकाल लागण्याआधीच मरण पावला. चार वर्षं अशीच गेली. मग २५ ऑक्टोबर २०१५ रोजी सिडनीहून इंडोनेशियातल्या बाली बेटावर उतरलेल्या एका प्रवाशाला विमानतळावरच अडवण्यात आलं. हाती मोहन कुमार याच नावाचा पासपोर्ट. ६ नोव्हेंबरला त्याला भारतात आणलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी मायदेशी परतलेला हा माणूस पोलिसांच्या गराड्यात टीव्हीवर दिसला, तेव्हा पाहणाऱ्यांना नवल वाटलं असेल ते त्याच्या साधेपणाचं. किडनीच्या विकारानं खंगलेला, पोटाचा घेर सुटलेला, शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांसारखा दिसणारा माणूस.

आता तपास सीबीआयकडे गेला. डे यांना मारण्याचा हुकूम आपण दिला, हे राजननं खुनानंतर फोनवरून काही जणांजवळ स्वतःच बोलून दाखवलं होतं, असा पुरावा सरकार पक्षानं मांडला. जाहिरातीची सवय अशी अंगाशी आली. २ मे २०१८ रोजी मुंबईच्या विशेष मोक्का न्यायालयाचे न्यायाधीश समीर अडकर यांनी राजनसह नऊ जणांना जन्मठेप सुनावली. राजन त्या वेळी तिहार तुरुंगात होता. निकाल त्यानं पडद्यावरून ऐकला.

सात वर्षं लागली. आपल्याकडे याला उशीर म्हणत नाहीत, हेही खरं. पण एक जुनी गोष्ट इथे आठवते. आयर्लंडच्या डब्लिन शहरात व्हेरोनिका गेरिन नावाची वार्ताहर होती. मादक पदार्थांच्या टोळ्यांच्या मागावर असलेली, एका मुलाची आई. १९९५मध्ये घरात घुसून तिच्या पायात गोळी झाडली, तरी तिनं लिहिणं थांबवलं नाही. २६ जून १९९६ रोजी लाल दिव्यापाशी तिची गाडी थांबली आणि मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी तिला ठार केलं. दिवसाढवळ्या, भररस्त्यात, डे यांच्यासारखंच. सारा देश हादरला. तिथल्या सरकारनं पुढच्या काही महिन्यांत गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याचा कायदा आणला आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. टोळीप्रमुखांचे वाडे, गाड्या, बँकखाती सरकारजमा होऊ लागली. वार्ताहराला मारलं तर बातमी थांबत नाही, उलट तिजोरीच जाते, असा हिशेब निदान कागदावर तरी आला.

महाराष्ट्रातही कायदा झाला. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठीचा. विधिमंडळानं तो मंजूर केला एप्रिल २०१७मध्ये, म्हणजे डे यांच्या खुनानंतर जवळपास सहा वर्षांनी. राष्ट्रपतींची मंजुरी मिळेपर्यंत २०१९ उजाडलं. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. देशात असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून त्याचं कौतुकही झालं. दगडफेक, मारहाण, कॅमेरा फोडणं यांवर त्याचा धाक बसेल. लांबलचक नंबरावरून फोन करणाऱ्यावर तो कसा बसवायचा, याचं कलम त्यात नाही.

अशा फोनांचा आणखी एक मालक २०२०च्या फेब्रुवारीत एका अपरात्री बेंगळुरूच्या विमानतळावर उतरवण्यात आला. राजनचा जुना साथीदार रवी पुजारी. आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये तो अँथनी फर्नांडिस झाला होता, बुर्किना फासो देशाच्या पासपोर्टवर. तिथे म्हणे उपाहारगृहं चालवायचा. पंधरा-वीस वर्षं ज्याचा आवाज ऐकून मुंबई-बेंगळुरूतल्या बिल्डरांना घाम फुटायचा, त्याचा चेहरा पोलिसांकडे होता तोही जुन्या फोटोतला. वर्षभरानं मुंबई पोलिसांनी बेंगळुरूहून त्याचा ताबा घेतला आणि त्याला मुंबईच्या न्यायालयात उभं केलं.

राजनच्या टोळीतून फुटलेला माणूस, खोटं नाव, आफ्रिकेतला पत्ता, मंगळूर-मुंबई-बेंगळुरू असा लागेबांध्यांचा गुंता. ही बातमी नेमकी डे यांची होती. ती लिहायला ते नव्हते.